हौदात बाईचा पाय

२ एप्रिल १९७४

मेलं ते मैदान! दारातनंच दिसतं. डोंगराच्या उतारावर माणसं बसायला दगडी पायऱ्या, खाली मधोमध कुस्तीचा हौद. आज त्यात नवी तांबडी माती पडली. ताक, हळद, लिंबं, तेल घालून गडी मळत हुते. कोरेगावात भिंतीभिंतीवर पत्रकं लागल्यात — जत्रंची शेवटची कुस्ती आमच्या ह्यांची.

आणि मिरजेचा डाक्टर काय म्हणाला? "मणका सरकलाय. आता मानेवर पडला तर हातपाय गेले समजा." मी संगंच हुते. माझ्या कानानं ऐकलंय.

४ एप्रिल

वस्ताद नाथाजींचं पाय धरलं. ह्यांना पोरवयापासनं त्यांनीच घडवलं. म्हटलं, आवं, जोड मोडा, दुसरा कुणीबी लावा. म्हणाले, "पोरी, मैदानाचा नारळ फुटला. आता तुझा नवरा कृष्णात मागं सरला तर गावानं बांगड्या भराव्या व्हय?"

भरा की! मी देते माझ्या.

५ एप्रिल

ह्यांच्याशी भांडले. "मणका बिणका काय न्हाई. तू तेल चोळ."

चोळलं. उजव्या हाताची बोटं थरथरत हुती. मी बघितलं तशी मूठ वळली.

७ एप्रिल

आज जत्रा. पायऱ्यांवर मुंगीला शिरायला वाव न्हाई. सारी बाप्यामाणसं. बाईनं तिथं जायचं न्हाई — बजरंगबलीची माती, बाईचा पाय लागला की बाटली! मग ती समदी उपसायची, नवी आणून पुजायची, तवर कुस्ती न्हाई.

तेच केलं!

नारळाच्या बक्षिसाच्या लहान कुस्त्या झाल्या. हलगी कडाडली. ह्ये लंगोट लावून निघाले. मी पदर खोचला नि उतारावरनं पळत जाऊन हौदात हुबी ऱ्हायले. हलगी बंद! कुणीतरी वरडलं, "भाईर काढा रं तिला!" पर सगळ्यांदेखत परक्या बाईला हात लावणार कोण? ह्ये नुसते बघत हुते. शिव्या खाल्ल्या, एक दगड पाठीत बसला. बसू दे. कुस्ती मोडली!

९ एप्रिल

पंचांनी मैदान पुढल्या आयतवारी ठेवलंय. जोड तीच!! देवा, मी किती येळा बाटवू?

ह्ये तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. माझी जाऊ भामाबाई म्हणती, "नाक कापलंस गं घराचं." कापलं तर कापलं. मान तर शाबूत ऱ्हायली ना! परत बाटवीन. लय भ्या वाटतंय, पर बाटवीन.

११ एप्रिल

हौदाला तारेचं कुंपण घालायचं ठरलं. माझ्यासाठी! खांबाचे खड्डे खणाय पहार घेऊन पहिले ह्येच गेले. गावाला दावायचं हुतं, बायकूचं ऐकत न्हाई म्हणून.

दुपारी चौघांनी बाजल्यावर घालून आणलं. पहार हाणता हाणता मान खटकली म्हणं.

आज बोलले माझ्याशी. "माझं हात कुठं हायत गं?"