बापाचा रकाना

कोल्पापाता,
१४ मे, मंगळवार

प्रिय नोएमी,

या दोन हातांनी आजवर जे केलं ते आधी लिहून काढतो, म्हणजे पुढचं लिहायला हात सैल होईल. दगडी कोंडवाडे तीन. मोठ्याचा घेर एकशे अठरा पावलं, उंची माझ्या छातीपर्यंत, चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. वीस वर्षांत त्यातला एकच निसटला, तोही वीज पडली म्हणून. ओढ्याचं पाणी खालच्या कुरणात नेणारा पाट, सहाशे चाळीस मीटर. लोकर कातरायचा मांडव, वर पत्रा. माग एक. तुझी खाट, फळांच्या खोक्यांच्या फळ्यांची. एका फळीवर अजून केळ्याचं चित्र आहे. गोफणी किती वळल्या ते मोजलं नाही, आयुष्यात तेवढंच मोजायचं राहिलं. आणि आपल्या लोकरीच्या कळपातल्या अल्पाकांच्या नोंदवह्या अकरा, अल्पाकाच्याच कातड्यात शिवलेल्या: प्रत्येक पिलाचा जन्मदिवस, वजन, रंग, आई, बाप. जे मी केलं तेवढंच इथे आहे. दुसऱ्याने केलेलं आपल्या यादीत घालायचं नाही, ही या घराची शिस्त तुला ठाऊक आहे.

तू गुरुवारी फोनवर विचारलंस त्याचं उत्तर दोन अक्षरांचं होतं, एक माझं आणि एक तुझ्या आईचं. खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी मी उभा होतो, जिथे फोन लागतो तिथेच. तू किती खुशीत होतीस. "बाबा, आज नर्सिंगच्या वर्गात सगळ्यांनी बोटं टोचून घेतली. बाई म्हणाल्या, तुम्ही वरच्या डोंगरातल्या ना, मग तुमचं रक्त न तपासताच ओ लिहून टाकते. आणि मी निघाले ए. चाळीस जणींत तिघीच. आता सांगा, हे ए तुमच्याकडून आलं की आईकडून? वीस तारखेच्या सोमवारी घराण्याचा तक्ता काढून द्यायचाय." मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन बंद केला. आवाज तुटत नव्हता, नोएमी. तुझ्यामागे हुलियाकातला कुणी तीनचाकीवाला भोंगा वाजवत होता, तोसुद्धा मला स्वच्छ ऐकू येत होता.

खिंड उतरताना "माझं ए" असं तीनदा म्हणून पाहिलं. म्हणायला सोपं आहे. बाईंनी तपासायला इथवर कोण येणार होतं? तक्ता बरोबर ठरला असता, तुला चांगले गुण मिळाले असते, आणि मी पूर्वीसारखाच राहिलो असतो. मग डोळ्यांपुढे आलं की तू पेन्सिलीने माझ्या नावाखाली ते अक्षर काढते आहेस, पट्टी लावून, चौकोन नीट करून, मी शिकवलं तसं. आणि उद्या खरंच मला रक्त लागलं तर तूच माझ्या उशाशी नर्स म्हणून उभी असशील. खोटी नोंद एकदा झाली की पुढची सगळी पानं नासतात, हे मीच तुला सांगितलं होतं.

माझ्या वडिलांच्या पांढऱ्या जोडीची गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस, तरी पुन्हा लिहितो. मी चौदा वर्षांचा होतो. कळपातल्या सगळ्यात शुभ्र मादीला, सगळ्यात शुभ्र नरापासून, कोळशासारखं काळं पिलू झालं. गिरणीवाले तेव्हा फक्त पांढऱ्या लोकरीला भाव द्यायचे. वडील म्हणाले, ही काळ्या झऱ्यापाशी झोपली असणार, त्याचा रंग पिलाला लागला, नाहीतर कुठेतरी उंडारून आली. मादी कापली. नर ठेवला, त्याला दोष कोण देणार? पुढच्या दोन वर्षांत त्या नराला आणखी तीन काळी झाली, तीन वेगळ्या माद्यांपासून, आणि त्या तिघीही कापल्या गेल्या. तेव्हा मी पहिली वही शिवली. मला एवढंच कळलं होतं की चार निरनिराळ्या माद्या एकाच झऱ्यापाशी झोपायला जाणार नाहीत.

बाकीचं कळायला पंधरा वर्षं गेली. तुला मात्र नऊ वर्षांची असताना एका दुपारीत कळलं. लुसियोकाका, ज्याने तुझ्या जावळाची पहिली बट कापली तोच, अंगणात बसून माझी टिंगल करत होता: "काय डॉक्टर, आज कुठल्या अल्पाकाची कुंडली मांडली?" तू त्याची टोपी डोक्यावरून काढलीस, सुकवलेले बटाटे आणलेस, दोन पांढरे आणि दोन काळे. प्रत्येक जनावराच्या पोटात असे दोन असतात, तू म्हणालीस, एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला. पिलाला त्यातला एकच जातो, आणि कुठला जाणार ते न बघता काढायचं. एक पांढरा, एक काळा आला तर जनावर दिसायला पांढरं, पण काळा आत दडलेला. दोन्ही काळे आले तरच काळं. लुसियो म्हणाला, "मग माझं हे नाक कुणाच्या टोपीतलं, ते काढ बघू." तू गंभीरपणे त्याच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "काका, ते दोघांकडूनही आलेलं दिसतं." तो इतका हसला की टोपीतले बटाटे सांडले. महिनाभर तू कळपामागे फिरताना तालावर म्हणत होतीस: काळा दडतो, पांढरा दडत नाही. माझ्या वह्यांत दडलेल्या काळ्याच्या जोड्यांना एकतीस पिल्लं झाली आहेत, त्यात काळी आठ. तुझ्या टोपीचा हिशेब आणि माझा हिशेब जुळतो.

रक्ताचंही तसंच आहे, तुला बाईंनी शिकवलंच असेल. ओ दडतो. ए पांढऱ्यासारखा आहे, तो दडत नाही. ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे दिसतो. खाणीच्या जुन्या ओळखपत्रावर माझं रक्त लिहिलंय, ओ. आरोग्यकेंद्राच्या कार्डावर तुझ्या आईचं, तेही ओ. तू आठ वर्षांची असताना शाळेत तपासणी झाली होती, त्याचं कार्ड तुला कधी दिसलं नाही, कारण ते मी सहाव्या वहीच्या कातड्यात शिवून टाकलं. तुला आता पुढचं सांगायला नको. पण तुझ्या बाईंनी सांगण्याआधी ते तू माझ्या अक्षरात वाचावंस, म्हणून मी टेबल खिडकीशी ओढून बसलो आहे.

मला कुणी शिकवलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. फळीवरचं ते जाड पुस्तक, पाण्याने फुगलेलं, ज्यातली वाटाण्याची चित्रं बघत तू वाचायला शिकलीस, ते मी विकत घेतलेलं नाही. पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव आहे: र. वाल्दिव्हिया. तू विचारलं होतंस, हे कोण, आणि मी म्हणालो होतो, सरकारी माणूस. नव्व्याण्णव साली पांढऱ्या लोकरीची मोजणी करायला तो आरेकिपाहून आला होता, इंजिनियर, आणि जून-जुलै आपल्या घरी राहिला. मी तेव्हा इथे नव्हतो. फेब्रुवारीत सोन्याच्या खाणीत गेलो होतो. तुझी आई माझ्या घरी राहायला आली होती, लग्न तेवढं व्हायचं होतं; त्याला पैसे हवे होते, आणि पैसे हातात आल्याशिवाय घरी निरोपसुद्धा धाडायचा नाही असं मी ठरवलं होतं. मे महिन्यात एक बोगदा बसला. मी शेजारच्या बोगद्यात होतो. कुणीतरी माझं घोंगडं तुझ्या आईला आणून दिलं, एवढंच सापडलं म्हणून. तरीही मी निरोप धाडला नाही, कारण मला घोंगड्याचं ठाऊकच नव्हतं, चोरीला गेलं असं वाटलं होतं. चार सप्टेंबरला मी दारात उभा राहिलो तेव्हा तुझी आई मागे सरली आणि भिंतीला टेकली. इंजिनियर गेला होता. पुस्तक होतं.

तू दोन एप्रिलला जन्मलीस. मी परतल्यापासून दोनशे अकरा दिवस. सुईण म्हणाली, सातव्या महिन्याची दिसते, जगेल हो. लोकरीचा तराजू मीच धरला होता: तीन किलो चारशे ग्रॅम. अल्पाकाची मादी तीनशे बेचाळीस दिवस घेते, आणि त्यात चार दिवस इकडे की तिकडे हे मी आजही तुला तोंडपाठ सांगतो. माणसाचे दिवस मला मोजता आले नसतील असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे. वजन मी वहीत लिहिलं. सुईणीला म्हणालो, सातव्या महिन्याची आहे, हिला ऊब द्या. तू माझ्या अंगठ्याला धरलंस आणि सोडेनास. तराजू खाली ठेवायला मला सुईणीला सांगावं लागलं.

दोन वर्षांनी तुझं जावळ काढलं त्या दिवशी सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे काही ना काही दिलं, आणि मी याना या काळ्या मादीच्या कानात लाल गोंडा बांधून ती तुझ्या नावे केली. "पोरीला काळी देतोय," म्हणून लोक हसले. आज परदेशातले लोक न रंगवलेली काळी लोकर मागत येतात, आणि तुझी फी यानाच्या नातवंडांच्या पाठीवरून निघते. यात माझी हुशारी नव्हती. मला त्या दिवशी माझ्याकडचं सगळ्यात आवडतं जनावर द्यायचं होतं, इतकंच.

काल सकाळी तुझी आई आणि मी बटाटे निवडत बसलो होतो. मी म्हणालो, पोरगी रक्ताचा गट विचारतेय. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी म्हणालो, तराजू धरला तेव्हापासून. तिने हातातला बटाटा खाली ठेवला. "एकोणीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सातव्या महिन्याची म्हणून सांगतेय, आणि तुम्ही शेजारी बसून मान डोलावताय." मग ती हसली, आणि मग बराच वेळ रडली, आणि मी तिच्या पुढ्यातले बटाटेही निवडून टाकले, कारण घोंगड्याचा दोष माझा होता. उठताना म्हणाली, "तिला लिहा. फोनवर नको, फोनवर तुम्ही ओरडता." पत्र पाठवण्याआधी तिला सगळं वाचून दाखवायचं कबूल केलंय. म्हणजे पुढचा मजकूर तिलाही तुझ्याइतकाच नवा आहे.

आता तुझा तक्ता. माझ्या चौकोनात ओ लिही, आईच्या चौकोनात ओ. शेजारी तिसरा चौकोन काढ आणि त्यात ए लिही. अल्पाकांच्या वहीत मी दोन रकाने ठेवले आहेत, बीज कुणाचं आणि सांभाळ कुणाचा. तुझ्या जन्मदाखल्यावर बापाचा एकच होता. दोन असते तर मी दोन्ही भरले असते. एकच होता, तिथे मी माझं नाव लिहिलं, आणि आज पुन्हा लिहायचं झालं तरी तेच लिहीन. तू चालताना पावलं मोजतेस, ओठ हलवून; ते कुठल्या टोपीतून आलं ते त्या जाड पुस्तकात मला सापडलेलं नाही. डाव्या भुवईतला भोवरा मात्र त्याचा आहे. मी तो त्याच्या भुवईत पाहिला आहे.

कारण तो परत आला होता, आणि हे सांगायलाच खरं तर मी बसलो. तू चार वर्षांची होतीस, ऑगस्ट महिना, आई लोकर घेऊन बाजाराला गेलेली. पांढरी गाडी कोंडवाड्यापाशी थांबली. माणूस वाईट नाही, हेही नोंदवतो. टोपी काढून बोलला. त्यालाही दिवस मोजता येत होते. लग्न झालं होतं, मूल होत नव्हतं. तू त्याच्या गाडीभोवती फिरून चाकांचे बोल्ट मोजत होतीस आणि तो तुझ्याकडे बघत होता, आणि मला त्याचं बघणं समजत होतं, म्हणूनच मी घाईने बोललो. तुला विचारलं नाही. चार वर्षांच्या मुलीला काय विचारायचं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण घाई मला माझ्यासाठी होती. आता तू एकोणीस वर्षांची आहेस. त्याचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे, आणि आरेकिपाच्या बसचं येण्याजाण्याचं भाडं या पत्राबरोबरच्या गाठोड्यात, सुकवलेल्या बटाट्यांच्या खाली आहे. गेलीस तर पुस्तक त्याला परत दे. तुझ्या वतीने मी काय नाकारलं ते तुला पुरतं कळायला हवं, म्हणून नेमकं लिहितो. त्या वर्षी माझा सगळा कळप विकला असता तर नऊ हजार चारशे सोल आले असते. मी ज्याला नको म्हणालो ते असं होतं: त्याचं आडनाव, आरेकिपात ख्रिस्ती नन्सची शाळा, खिडकीची स्वतंत्र खोली, वर्षातून एकदा समुद्र, आणि तुझ्या चार वर्षांच्या सांभाळाबद्दल मला, रोख, खाकी पाकिटात, बारा हजार सोल.

तुझाच,
बाबा