चकाचक केलेला फ्यूज

३ मार्च
मामाच्या पॉलिशच्या दुकानात आलेल्या भंगाराच्या पोत्यात एक पितळी शंकू सापडला. मुठीएवढा, जड, कमरेला फिरणारी कडी. अंगभर बारीक अक्षरं-आकडे आणि काळपट थर. बफ मशीनवर धरला. थर गेला, अक्षरं गेली, नुसता आरसा. मामा खूश. महिनाभर तक्रार नाही आली तर मशीन माझ्या ताब्यात देणार आहे. म्हणजे मिळालंच.

४ मार्च
मामा दुकानात डुलक्या काढत होता. त्याच्या स्टुलावर, मांडीला लागून, शंकू ठेवला, मागे अलार्म लावला. मामा असा उडाला की स्टूल एकीकडे, शंकू फरशीवर ठण्ण. मामी हसून बेजार.

५ मार्च
समोरचे रिटायर्ड फौजी काका तांब्या पॉलिशला घेऊन आले. शंकू बघून दारातच थांबले. म्हणाले, हा तोफगोळ्याचा जुना फ्यूज. गोळा फोडणारी ठिणगी यातच. काय लिहिलंय यावर? म्हटलं, कोरा आहे, कंपनी विसरली असेल. मग म्हणाले, मार्किंग नाही तर भरलेला की रिकामा कोण सांगणार? हात लावू नकोस.
घाबरट माणूस. फौजेत टिकला कसा?

५ मार्च, संध्याकाळ
मीच ओळखणार. मोबाईलवर शेकडो फोटो पाहिले. सगळ्यांवर शिक्के, आपल्यावरच नाही. म्हणजे दुर्मिळ पीस. कडी फिरवली. आत काहीतरी खुळखुळलं. वरच्या खोलीत मामी तिच्या धाकट्या मुलाला झोपवत होती, त्याचं रडू ऐकू येत होतं. परत नाही फिरवली. भीतीमुळे नाही, त्याची झोपमोड नको म्हणून.
निष्कर्ष: रिकामा. तळहाताला घाम फार. फॅन बदलायला हवा.

६ मार्च, सकाळ
काकांनी पोलिसांना फोन केलाच. गल्ली रिकामी. मामी धाकट्याला उचलून अनवाणी बाहेर. बॉम्बवाले साहेब आले. विचारलं, असाच कोरा मिळाला? मी मान हलवणार, तेवढ्यात मामा पुढे.
"नाही हो साहेब, अक्षरांनी भरलेला होता. आमच्या भाच्याचा हातच असा, एक अक्षर शिल्लक ठेवलं नाही बघा."
साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग मामालाही कळलं.

६ मार्च, दुपार
लांब माळावर नेऊन उडवला. काचा हादरल्या. मी विचारलं, भरलेला होता? साहेब म्हणाले, आवाज आम्ही उडवायला लावलेल्या दारूचा की त्याचा, आता कुणालाच कळणार नाही. म्हणजे माझा निष्कर्ष अजून खोटा ठरलेला नाही.
जाताना साहेबांनी माझे दोन्ही हात धरून उलटसुलट केले. वाटलं, शाबासकी. ते मामाला म्हणाले, "दहाच्या दहा आहेत."
मामानं मशीनची वायर काढून घेतली आणि माझ्याशेजारी येऊन बसला. ओरडला नाही. माझा हात तेवढा घट्ट धरून ठेवला. हात थरथरत होता. त्याचाच असणार.