अर्धं कोरडं कपाळ

मंगळवार, १५ एप्रिल. संध्याकाळचे सात.

हे दुपारपाळीला गेल्यापासून त्यांचं कपाळ डोळ्यांपुढून हलत नाही. जेवताना वीज गेली होती. मी घामाने निथळत होते, आणि यांच्या कपाळाला घाम फक्त डावीकडे. उजवी बाजू कोरडी, लालसर. मी हसले. हसले कशाला?

सकाळपासून यांना चक्कर येत होती. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणे, "मले काहीच व्हयनं नही. ऊन शे." सगळं उन्हावर ढकललं, आणि गॅसवरून वरणाचं पातेलं डाव्या हाताने उचलून आणलं, सांडशीशिवाय. बोटं लाल झाली, यांना पत्ता नाही. मला वाटलं, कापडगिरणीच्या रंगखात्यातले हात, निबर झालेत.

आत्ता नववीच्या विज्ञानाच्या वह्या तपासताना मीच शिकवलेलं पुन्हा पुन्हा समोर येतंय. घाम आणायचा, कातडीतलं रक्त वाढवायचं की आवरायचं, हा हुकूम मस्तिष्कस्तंभातून खाली जातो. मानेच्या वरची अंगठ्याएवढी जागा. अर्धं कपाळ कोरडं, म्हणजे एका बाजूला हुकूम पोचतच नाही. तिथला रक्तपुरवठा अडला की चक्कर येते, आणि दुसऱ्या बाजूच्या हाताला गरम कळेनासं होतं.

यांचा फोन चार वेळा वाजून थांबला. शेवटी मुकादमाने उचलला. "भाभी, मास्टरजी टाकीपर है, पानी देख रहे है." मी बोलायच्या आत कट. आता तोही उचलत नाही. पांडेसऱ्याला गिरणीत जायला रिक्षा बोलावलीय, अजून खाली आलेली नाही.

रंगाच्या टाकीचं पाणी किती तापलं ते हे हाताने बघतात. उजवा हात वाफेच्या व्हॉल्व्हवर असतो. बघतात ते डाव्याने.