ठाकुमासाठी बंगाली फॉन्ट

३ जानेवारी, शनिवार
अमरचं लग्न अडलं आहे. मुलगी शिउली, हैदराबादला त्याच्याच ऑफिसात. घर कागजनगरजवळच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीत. तिचे आईबाप राजी आहेत, आजी नाही. आजीला ते ठाकुमा म्हणतात आणि घरात तिचाच शब्द चालतो. तिचा सवाल एकच: इचोड्याच्या त्या मराठी घरात माझ्या पोरीशी बोलेल कोण? २३ तारखेला, सरस्वतीपूजेला, आम्ही त्यांच्याकडे जायचं. तेव्हा ती हो की नाही ते सांगणार.

पोरगा फोनवर रडकुंडीला आला होता. म्हटलं, बाप जिवंत आहे अजून.

उपाय दहा मिनिटांत सुचला. आमच्या घरादाराचा व्हिडिओ, वर बंगाली अक्षरांत आमंत्रण. म्हातारी वाचेल आणि विरघळेल. मोबाईलमध्ये एडिटिंगचं अ‍ॅप आहेच. उद्या संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

४ जानेवारी, रविवार
अ‍ॅपमध्ये हिंदी आहे, तेलुगू आहे, तमिळ आहे. बंगाली नाही. सरळसरळ अन्याय. एक स्टार दिला.

फॉन्ट बाहेरून टाकता येतो म्हणे. सोपं आहे. मी तीस वर्षं मिक्सर दुरुस्त करतो. त्यात मोटर असते, यात तर तीही नाही.

संकल्प: फॉन्ट टाकणे. रोज पाच बंगाली अक्षरं शिकणे. चिडचिड न करणे.

६ जानेवारी, मंगळवार
फॉन्ट डाउनलोड केला. उघडल्यावर आतून रमीचा गेम निघाला. तासभर खेळून पाहिला, तपासणी म्हणून.

प्रयाग म्हणते, काऊन एवढा ताप करून राह्यले, त्या बाईले फोन लावा न सरळ. बायकोला टेक्नॉलॉजीतलं काय कळणार? बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं टिकतं. आमच्या वडिलांनी तहसीलमध्ये जन्म काढला. जबानी गोष्टीला ते कधी भाव देत नसत.

अक्षरं: वेळ झाला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार
खरा फॉन्ट मिळाला. अ‍ॅपमध्ये गेलासुद्धा. मजकूर टाकला तर पडद्यावर चौकोन आले. एकतीस चौकोन, सगळे एका मापाचे. दिसायला नीटनेटके आहेत, पण बंगाली नसावेत.

प्रयागने आपल्या मनानेच ठाकुमाला फोन लावला. इकडचा बाजार तेलुगूत चालतो, दोघींनाही बाजारापुरती येते, तेवढ्यावर चाळीस मिनिटं काढली. विषय काय, तर वांग्याची कीड. इकडे पोराचं लग्न अडलंय आणि ही वांग्यात.

१२ जानेवारी, सोमवार, दुपारी दोन
यश! चौकोन गेले, अक्षरं आली.

मजकूर मी मराठीत लिहिला: 'आमच्या घरात तुमच्या नातीला परकं वाटणार नाही.' त्याचं बंगाली मोबाईलने केलं. अमर म्हणतो, सराफ्यातल्या निमाईला एकदा दाखवून घ्या, तो बंगालीच आहे. दाखवणार नाही. मी त्याचा पंखा दुरुस्त करून दिला होता, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माणूस कृतघ्न आहे.

हा फॉन्ट मात्र बारीक वाटतो. आमंत्रण कसं भारदस्त पाहिजे. आणखी दोन-चार पाहतो.

१४ जानेवारी, संक्रांत
चौसष्ट फॉन्ट झाले. मोबाईल भरला. जागा करायला जुने व्हिडिओ उडवले. त्यात आमच्या घराचे परवा काढलेले शॉटही गेले. पुन्हा काढू. कलेत रिटेक असतोच.

प्रयागने त्यांच्या बाजूला जाणाऱ्या आसिफाबादच्या बसच्या कंडक्टरच्या हाती ठाकुमाला तिळगूळ पाठवला. विचारलं, सोबत चिठ्ठी घातली का? नाही म्हणे. सगळी कामं अर्धवट.

फोन रोज चालू आहे दोघींचा. आज ठाकुमा गाणं म्हणत होती म्हणे, आणि ही दारात बसून ऐकत होती. भाजी करपली.

१७ जानेवारी, शनिवार
व्हिडिओत बंगालपण यावं म्हणून हावडा ब्रिज टाकला, एक वाघ टाकला, रसगुल्ले टाकले. अमर म्हणतो, बाबा, ठाकुमाने कोलकाता पाहिलेलंच नाही. मग तर दाखवायलाच पाहिजे.

दुकानात नऊ मिक्सर पडून आहेत. एक गिऱ्हाईक वाट्टेल ते बोलून गेलं. मोठ्या कामात अशी माणसं भेटतात.

अक्षरं: एक झालं. 'क'. आपल्या क सारखाच आहे थोडा. बंगाली फार अवघड नाही.

१९ जानेवारी, सोमवार
काल सगळं घर केस्लापूरच्या जत्रेला गेलं. मी फॉन्टपाशी थांबलो. आज सकाळी अ‍ॅप आपोआप अपडेट झालं आणि चौसष्टच्या चौसष्ट फॉन्ट गेले. एकाहून कमी स्टार देता येत नाही. पाहिलं करून.

चिडचिड केली नाही. फक्त चार्जर फेकला.

२२ जानेवारी, गुरुवार
व्हिडिओ तयार! दोन मिनिटं चाळीस सेकंद. अ‍ॅपचं नाव वाघाच्या तोंडावर येतं, ते पैसे भरल्याशिवाय जात नाही. चालेल. आधी पाठवणार नाही. समोर धरून दाखवणार. म्हातारीचा चेहरा मला पाहायचा आहे.

अमरला सांगितलं, निश्चिंत झोप. प्रयाग म्हणाली, एकडाव तिच्याशी निस्तं बोलून तं पाहा. म्हटलं, उद्या व्हिडिओच बोलेल.

२३ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी पाच, परतीच्या गाडीत
अंगणात सरस्वतीची मूर्ती होती. वस्तीतली लहान लेकरं मूर्तीपुढे नव्या पाट्यांवर पहिलं अक्षर गिरवत होती. ठाकुमा बाजेवर बसली होती. मी व्हिडिओ लावून मोबाईल तिच्या हातात दिला.

तिने सगळा पाहिला. वाघ आला तेव्हा शेजारच्या पोराला दाखवला. संपल्यावर मोबाईल परत दिला आणि तेलुगूत विचारलं, यात लिहिलंय काय? ती शाळेत गेलेलीच नाही. गाव सुटलं तेव्हा सात वर्षांची होती. मग शेत, मग लेकरं. मला म्हणाली, तू लिहिलंस ना, तूच वाच.

मी पडद्याकडे पाहिलं. 'क' दिसला. दोन ठिकाणी. पुढे काही येईना. सगळं घर माझ्या तोंडाकडे पाहत होतं आणि अमर जमिनीकडे. शेवटी खरं ते सांगितलं, की मलाही येत नाही, मोबाईलने लिहिलं आहे.

ठाकुमाने मला नीट न्याहाळलं. मग प्रयागला विचारलं, हे घरी बोलतात तरी का? प्रयाग म्हणाली, बोलतेत जी, सध्या फॉन्ट टाकून राह्यले. तेलुगूत फॉन्टला तिने काय शब्द लावला कोण जाणे. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग ठाकुमाने शिउलीचा हात प्रयागच्या हातात ठेवला. त्या घरात बोलणारं एक माणूस आहे, म्हणाली, पुरे झालं.

लग्न ठरलं. अमर रडला. मला आनंद झाला, खरंच झाला. लाजही तेवढीच वाटली.

आता गाडीत प्रयाग खिडकीशी झोपली आहे.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळी ७.१०
प्रयागचा फोन वाजला. ती न्हाणीत होती. नाव दिसलं, ठाकुमा. उचलला.

नीट पोचले का, तिने विचारलं. हो म्हटलं. तीस वर्षं या बाजारात तेलुगू बोलतो. वायर, होल्डर, गॅरंटी नाही. त्यापुढची कधी लागलीच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमच्याकडे मिक्सर कोणता? मिक्सर नाही म्हणाली, पाट्यावर वाटतात.

बरं म्हटलं.

ती म्हणाली, प्रयागला दे. मी फोन घेऊन न्हाणीच्या दाराशी उभा राहिलो.