कार्तिक कोणाचा

अप्पा, हे तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्यासारख्या त्या सगळ्यांना, ज्यांनी कुंभकोणात बसून जन्मभर लोकांचे मोडी कागद वाचून दिले आणि शेवटी एवढंच ऐकलं की ही लिपी आता कोणाच्या उपयोगाची नाही. ती तक्रार तुमची होती, आता माझीही आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी लोकांच्या हक्कांसाठी सभांतून तमिळमध्ये बोलते आणि लोक ऐकतात. पण गेल्या आठवड्यात एका जुन्या कागदावरच्या तारखेने मला चकवलं, आणि तारीख वाचायला तर तुम्हीच शिकवलं होतं.

अजून आठवतं: उजेड चांगला म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या पायरीवर बसता. मोडीची ओळ सलग, शब्दांमध्ये जागाच नाही. केरसुणीची काडी टेकवून तुम्ही ती तोडत जाता: इथवर शक, हे संवत्सर, हा महिना, पुढे ‘शु’ म्हणजे शुद्ध, ‘व’ म्हणजे वद्य, मग तिथी. मी दहा वर्षांची, घाईची. ‘चैत्र’ दिसताच ओरडते, “चित्तिरै!” काडी माझ्या बोटांवर बसते. “घरात मराठी बोलतेस नि महिना तमिळ वाचतेस? आपला महिना चंद्राचा, त्यांचा सूर्याचा. कोणाचा महिना ते आधी पाहा.” चुलीजवळून आई म्हणते, “पोरीला मारून चंद्र दिसणार आहे का?” तुम्ही हसता. मी नाही हसत.

कुंभकोणाजवळच्या नाचियार्कोविल गावात पितळी दिवे ओतणारी सहा घरं आहेत. त्यांच्या भट्ट्यांची जागा तंजावरच्या दरबाराने त्यांना दिल्याचा मोडी कागद त्यांच्यापाशी आहे. त्याच जागेचा, त्याच वर्षाचा कागद एका जमीनदारापाशीही आहे, त्यावर तमिळ तारीख, ऐप्पसी अठ्ठावीस. ज्याचा कागद आधीचा त्याची जागा, असं कचेरीने सांगितलं. दिवेवाल्यांचा मोडी कागद वाचून द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. अर्जात तीन चौकटी होत्या: वर्ष, महिना, दिवस. वर्ष मी नीट सांगितलं. कारकुनाने विचारलं, “महिना, अम्मा?” ओळीत होतं ‘कार्तिक शु २’. मी ऐटीत म्हणाले, “कार्तिगै, दोन.” त्याने लिहून घेतलं. कार्तिगै येतो ऐप्पसी संपल्यावर. माझ्या एका शब्दाने सहा घरं मागे पडली, आणि जमीनदाराचा माणूस पान चघळत हसला.

परतीच्या बसमध्ये दिवेवाल्यांतली सर्वांत म्हातारी बाई माझ्याशेजारी बसली होती. “अम्मा, आमच्यात सांगतात, हा कागद दीपावलीनंतर दोन दिवसांनी आला. घरातलं गोड संपलं नव्हतं.”

“दीपावली कुठल्या महिन्यात येते?” मी विचारलं.

“ऐप्पसीत! एवढी पुस्तकं वाचलीस आणि हे मला विचारतेस?”

घरी येऊन तुमच्या पेटीतलं त्या वर्षाचं पंचांग काढलं. आपल्या कार्तिकाची शुद्ध द्वितीया त्या वर्षी ऐप्पसीच्या चौदाव्या दिवशी होती. दिवेवाल्यांचा कागद चौदा दिवस आधीचा.

अप्पा, दुसऱ्या दिवशी सभेत मी गरजले की सरकारी कारकुनाला महिने कळत नाहीत. टाळ्या पडल्या. त्या गरीब माणसाने मी सांगितलं तेच लिहिलं होतं, हे त्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं. उद्या दुरुस्तीच्या अर्जावर ‘चूक वाचणारीची’ असं मी माझ्या हाताने लिहिणार आहे. जागा गेली तर त्या भट्ट्या पुन्हा कुठे पेटणार? माझी ऐट मोडली तर फार काही बिघडत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. म्हणून शेवटचं वाक्य त्या सहा घरांसाठी, सकाळी तिथे जाऊन मोठ्याने म्हणायचं आहे ते लिहून ठेवते: मूळ कागद घेऊन सगळे दहा वाजता कचेरीत या, आणि मी माझी चूक लिहून खाली सही करेपर्यंत मला तिथून उठू देऊ नका.