पहिले पाचशे किलोमीटर

२८ नोव्हेंबर

गाडी चारीत! आधी मागचं टोक पुढे निघालं, मग मी. घाबरून ब्रेक दाबला – तीच चूक. आउनेने टायरचं दुकान उघडं टाकून ट्रॅक्टर आणला, ओढून काढलं. माझे टायर बघून म्हणाली, "हे काय गं मिर्या, गाडी अनवाणी फिरवतेस?" हाडं शाबूत आहेत. देवाचे आभार, आउनेचे त्याहून जास्त.

३० नोव्हेंबर

उद्यापासून बर्फाच्या रस्त्यावर हिवाळी टायर नसतील तर पोलीस धरणार. मागच्या वर्षी याच दिवसांत मी स्पेनमध्ये संत्री तोडत होते. काय ती संत्री – असो. टायर!

दोन तऱ्हा. खिळ्यांचे, नाहीतर बिनखिळ्यांचे मऊ रबराचे. मऊवाले मला आवडतात, आवाज करत नाहीत. पण माझी युक्ती वेगळीच होती: मामाकडून आलेल्या या जुन्या गाडीला जोर मागच्या चाकांचा, मग खिळ्यांचे दोनच घ्यावेत, मागे! पुढे आहेत तेच राहू देत.

आउने हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. "वा गं शहाणे! मागची ढकलतील, पुढची वळायचीच नाहीत. सरळ नदीत जाशील, तेही झोकात." चार म्हणजे चार, चारही सारखे – ऐकेचना.

"मग चारही मऊ?"

"उणे तीसला काहीही चालतं. खरी परीक्षा शून्याला, बर्फावर पाणी चढतं तेव्हा. तुझी ही गाडी खिळ्यांशिवाय म्हणजे साबणावर रेनडिअर."

२ डिसेंबर

घेतले. खिळ्यांचे, चारही कोरे! डिकीत वाळूची दोन पोती, मागच्या चाकांवर वजन पडायला – ती आउनेने फुकट दिली. म्हटलं, आता थेट नॉर्वे! स्वोल्वेरला मासळीच्या कारखान्यात दहा जानेवारीपासून काम आहे. नाही पोचले तर जागा दुसऱ्याला.

"थांब जरा," आउने. "नवे खिळे रबरात बसावे लागतात. पहिले पाचशे किलोमीटर सावकाश. जोरात ब्रेक नाही, चाकं गरगरवणं नाही. नाहीतर डोंगरापर्यंत निम्मे खिळे उडालेले असतील."

"सावकाश मला जमत नाही."

"माहीत आहे. म्हणून एस्किलला ने सोबत."

एस्किल म्हणजे शेजारचा म्हातारा. डोळ्यांपायी याच शरदात त्याचं लायसन्स गेलं. बायको हिल्का तीस किलोमीटरवर, वृद्धाश्रमात. बस आठवड्यातून दोनदा. एरवी तो खिडकीत बसून रस्ता बघतो.

५ डिसेंबर

एस्किल गाडीत बसला, हिल्काकडे जायला. मांडीवर कॉफीचा भरलेला कप, झाकण नाही, आत चीजचे तुकडे, इकडच्या म्हाताऱ्यांची रीत. "सांडली तर समजायचं, ब्रेक जोरात लागला." दोनदा सांडली. उतरल्यावर फक्त पँट दाखवली.

८ डिसेंबर

एक थेंब नाही!!

१३ डिसेंबर

हिल्का त्याला रोज ओळखतेच असं नाही. आज ओळखलं. "उशीर केलास, एस्किल. रस्ता निसरडा होता का?"

"छे गं. या पोरीने जपून आणलं."

मी बाहेर येऊन टायरचे खिळे मोजत बसले. उगाच. नाक गळत होतं, थंडीने म्हणा. इतकी वर्षं भटकले, पण नेलं ते फक्त स्वतःला. शाळेतही मध्येच उठून जायचे. आज आश्रमातली एक बाई म्हणाली, उद्याही आणा हं त्यांना.

२० डिसेंबर

शून्य! वर पाऊस. रस्त्याचा आरसा झालेला. लाकडाच्या वखारीपाशी टपालाची गाडी चारीत आडवी. आम्ही चाललोय – टकटक, टकटक – खिळ्यांचा आवाज इतका गोड असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. वळणावर मागचं टोक जरासं निघालं. पाय उचलला, स्टिअरिंग अलगद फिरवलं. सरळ!

एस्किलने श्वास आत ओढत "हो" म्हटलं. आमच्याकडे यापलीकडे शाबासकी नसते.

आउनेकडे थांबून मिठी मारली. "सोड गं, हात ग्रीसचे आहेत!" माझा कोट आता तसाच राहणार. राहू दे.

३१ डिसेंबर

उणे तेहतीस. गाडी सुरू झाली. हिल्का झोपली होती, एस्किल तासभर तिचा हात धरून बसला. बास.

६ जानेवारी

स्वोल्वेरहून मुकादमाचा फोन. "दहाला येतेस ना, मिर्या?" म्हटलं, दुसरं कोणी बघा. टायर अजून बसले नाहीत.

"किती किलोमीटर झाले?"

"चारशे ऐंशी."

परवाच अकराशे ओलांडले.