तीन कोटांत वांग साफ

४ मार्च
रंगाच्या कंपनीचा एजंट दुकानात आला होता. चौकात मोठं होर्डिंग लागणार. त्यावर मॉडेल नको, खऱ्या दुकानदाराचा चेहरा हवा, असं वरून ठरलंय म्हणे. यादीत दोघंच. मी आणि साडू. साडू म्हणजे परवापर्यंत खिळे विकणारा माणूस. रंगाचं दुकान टाकलं तेही माझं बघून. फोटो २८ला. कोणाचा चेहरा लागणार हे मला आजच माहीत आहे.

५ मार्च
दाढी करताना आरशात नीट पाहिलं. दोन्ही गालांवर तपकिरी डाग, नाकाच्या बाजूने खाली उतरलेले. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, वांग आहे ते, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. नवऱ्याच्या तोंडावर काय आहे एवढं सांगता येत नसेल तर बायको असते कशाला? होर्डिंगवर हे डाग टेबलाएवढे दिसतील. २८च्या आत घालवणे.

७ मार्च
कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. अपॉइंटमेंट बायकोने घेतली म्हणून. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, कातडीत रंग जास्त तयार होतोय. थोडं घराण्यातलं, बाकी ऊन. दिवसभर स्कूटरवरून साइटी फिरता ना? सनस्क्रीन सकाळी आणि परत दुपारी, टोपी, रात्री एक मलम. घासायचं नाही. मेडिकलवाल्याला विचारून काही लावायचं नाही. चार-सहा महिन्यांत फिकं पडेल. पूर्ण जाईलच असं नाही, आणि उन्हात हिंडलात तर परत येईल.
याची फी घेतात. भिंतीवरचा डाग सहा महिन्यांत थोडा फिका होईल, खिडकी उघडलीत तर परत येईल, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो डबा माझ्याच डोक्यात घालेल.
बाईंचं एकच वाक्य कामाचं. रंग आत आहे. म्हणजे ओल. ओलीचं काय करायचं हे मला कोणी शिकवू नये. खरवडणे, प्रायमर, वर कोट. विषय संपला.

८ मार्च
बायकोच्या समाधानासाठी सनस्क्रीन लावून दुकानात गेलो. रंगारी म्हणाला, शेठ, गालाला पुट्टी लागलीय. लगेच धुतलं. परत लावणार नाही.

११ मार्च
खरवडणे सुरू. लिंबू, सोडा आणि अंग घासायची घासणी.

१४ मार्च
डाग जागचा हलला नाही. घासणी कुचकामी. दुकानातून हजार नंबरचा पॉलिश पेपर आणला. एकदम बारीक, मोटारीला वापरतात. ओला करून, हलक्या हाताने, गोल गोल. थिनर लावलं नाही. मी मूर्ख नाही.
बायकोने बाहेरून विचारलं, आत काय घासताय? टाइल्स, म्हटलं. खूश झाली.

१६ मार्च
जळजळ. म्हणजे जुना थर सुटतोय. दुकानात एक बाई दोन पांढऱ्या शेड हातात धरून दीड तास उभ्या. दोन्ही सारख्याच, पण हे त्यांना सांगून मी धंदा कशाला घालवू? जाता जाता विचारतात, स्कूटरवरून पडलात का? स्वतःला पांढरा कळत नाही आणि माझं तोंड वाचतायत.

१७ मार्च
मेडिकलमधून ट्यूब आणली. मेडिकलवाला म्हणाला, सगळे हीच नेतात, आठवड्यात फरक. डॉक्टरीणबाई नको म्हणतात ते उगाच नाही. ही चालली तर त्यांचा दवाखाना बंद पडेल. पहिला कोट दिला. वाळल्यावर दुसरा.

२१ मार्च
गाल गुळगुळीत! डाग निम्मा गेला. बायको म्हणते, लाल दिसताय. लाल नाही, तेज आहे ते. साडूला सहज फोन केला, फोटोची तयारी काय म्हणून. म्हणाला, तयारी कसली, आहे तसा बसणार. कीव आली. होर्डिंग लागल्यावर त्याला काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. फार टोचेल असं नाही, पण टोचेल असं.

२४ मार्च
फिनिशिंगसाठी तिसरा कोट, जाड. मग पांढऱ्या शेडवाल्या बाईंच्या गच्चीवर दुपारभर माप घेत होतो. टोपी घातली नाही. टोपीचा वळ फोटोत दिसतो.

२५ मार्च
पोपडे आले. खरेखुरे. तोंडाभोवती पुरळ, आणि डाग परत, पहिल्यापेक्षा काळा. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता बाईंकडे चला. गेलो नाही. जाऊन सांगू काय?

२७ मार्च
माझं तोंड शेड कार्डवर शोधलं. एक शेड जुळेना, चार लागल्या. बायकोचं फाउंडेशन मागितलं. तिने न बोलता दिलं. एवढं न बोलता ती कधी काही देत नाही.

२८ मार्च
फोटोग्राफरचे दिवे गरम. फाउंडेशन सुटून कॉलरवर पडलं. तो म्हणाला, काका, ते जरा पुसून घ्या. पुसलं. त्याने कॅमेरा खाली घेतला. मी म्हटलं, नवीन थर आहे, बसायला वेळ लागतो. एजंट म्हणाला, आधी तब्येत बघा काका, होर्डिंग काय, पुढच्या वर्षीही निघेल. साडूच्या दुकानाचा रस्ता मलाच विचारला. चुकीच्या गल्लीत पाठवणार होतो, पण बायको शेजारी उभी होती.

३ एप्रिल
डॉक्टरीणबाईंकडे. रागावल्या नाहीत. ट्यूब मागितली आणि कचऱ्यात टाकली. म्हणाल्या, आता आधी ही आग शांत करायची, मग वांगाचं बघू. सहा महिन्यांचं काम होतं, आता वर्ष धरा. चोख उत्तर सुचलं होतं, पण तोंड हलवलं की दुखतं.

१२ एप्रिल
होर्डिंग लागलं. टोपी घालून, वर रुमाल बांधून बघायला गेलो. साडू दोन मजले उंच, दात काढून हसतोय. आणि दोन्ही गालांवर वांग. नाकाच्या बाजूने खाली उतरलेलं, माझं होतं त्याच्याहून गडद. कोणी पुसलं नाही, झाकलं नाही. लोक थांबून बघत होते, त्याच्याकडे बघून हसत होते, आणि गालाचं कोणी काही बोलत नव्हतं. मला तिथे उभं राहवेना.
घरी येऊन बायकोला म्हटलं, साडूच्या गालावर बघ काय उगवलंय. ती म्हणाली, अहो, भावजींना ते लग्नाच्या आधीपासून आहे. दर रविवारी तुमच्या समोर तर बसतात जेवायला.
परवा रविवार आहे.